दोन देशांतील व्यापार परिषद: उभारणी, निवेदने आणि पाठपुरावा

दोन देशांमधील व्यापार आणि गुंतवणूक वाढावी यासाठी उद्योजकांची परिषद स्थापन करायची असेल, तर घटना, बोधचिन्ह आणि उद्घाटनाची तारीख ठरवण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर उतरवावे. दोन्हीकडच्या उद्योजकांना अशी कोणती अडचण आहे, जी एकटी कंपनी सोडवू शकत नाही आणि दूतावासाच्या वाणिज्य विभागाकडूनही पूर्णपणे सुटत नाही? या उत्तरात ‘सहकार्य वृद्धिंगत करणे’ यासारखे शब्द आले, तर ते पुन्हा लिहावे. ‘आपल्या प्रयोगशाळांचे चाचणी अहवाल समोरच्या देशात मान्य होत नाहीत, त्यामुळे प्रत्येक खेपेची चाचणी दोनदा करावी लागते’ हे उत्तर चालेल, कारण त्यावर काम करता येते आणि ते झाले की नाही हे वर्षअखेरीस तपासता येते.

अशा परिषदांचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. अमेरिका आणि चीन यांच्यातील व्यापार दोन दशके जवळजवळ बंद होता. १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची चीनभेट झाली आणि पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, अमेरिकी कंपन्यांनी चीनशी व्यापारासाठी स्वतंत्र परिषद उभी केली. दोन्ही देशांत पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित व्हायला १९७९ उजाडले. मधल्या वर्षांत कोणत्या सरकारी व्यापार महामंडळाशी बोलायचे, पत्र कोणाला लिहायचे, व्यापार मेळ्याचे निमंत्रण कसे मिळवायचे, हे सांगणारे कोणीतरी हवे होते आणि ती गरज परिषदेने भागवली. भारत आणि अमेरिका यांच्यातील परिषद १९७५ मध्ये दोन्ही सरकारांच्या इच्छेने स्थापन झाली, म्हणजे तिचा जन्म वेगळ्या वाटेने झाला. पण दोन्ही ठिकाणी नेमकी उणीव आधी समोर होती आणि संस्था नंतर आली.

रचना आणि कारभार

रचनेचे दोन प्रकार प्रचलित आहेत. एकाच देशात नोंदणी करून दुसऱ्या देशात कार्यालय उघडता येते, किंवा दोन्ही देशांत स्वतंत्र नोंदणी असलेल्या दोन भगिनी संस्था सामंजस्य कराराने जोडता येतात. माझे मत दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे. तो सुरुवातीला खर्चिक वाटतो, परंतु परक्या संस्थेने येऊन आपल्या मंत्रालयाकडे मागणी करणे आणि त्याच देशातील करदात्या उद्योजकांनी ती करणे, यांत अधिकाऱ्यांच्या दृष्टीने फार मोठे अंतर असते. दोन्ही शाखांचे अध्यक्ष प्रत्यक्ष उद्योग चालवणारे असावेत. सरकारी अधिकाऱ्यांना निरीक्षक म्हणून जरूर बोलवावे, मात्र पदाधिकारी करू नये, कारण ज्या खात्याकडे गाऱ्हाणे न्यायचे त्याच खात्याचा माणूस कार्यकारिणीवर असेल तर ते गाऱ्हाणे बैठकीतच सौम्य होऊन जाते.

वर्गणी उलाढालीच्या टप्प्यांनुसार ठेवावी आणि कार्यकारिणीत लहान उद्योगांसाठी काही जागा घटनेतच राखून ठेवाव्यात. एकाच सभासदाकडून येणारी रक्कम एकूण उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाच्या पुढे जाऊ देऊ नये, असा दंडक मी सुचवेन. मोठा देणगीदार परिषदेचा विषयक्रम ठरवू लागला की लहान सभासद वर्गणी भरणे थांबवतात, आणि ते का थांबले हे कोणी बोलूनही दाखवत नाही. परिषदेच्या नावाने निवेदन देण्याचा अधिकार कोणाला, एखाद्या विषयात स्वतःचा थेट आर्थिक संबंध असलेल्या सभासदाने मतदानात भाग घ्यावा का, या दोन गोष्टी नियमावलीत स्पष्ट लिहाव्यात.

आणखी एक काळजी सुरुवातीपासून घ्यावी लागते. परिषदेत एकाच क्षेत्रातील स्पर्धक शेजारी शेजारी बसतात. किमती, सवलती, ग्राहकांची वाटणी किंवा निविदांचे आकडे यांवर तिथे चर्चा झाली, तर दोन्ही देशांच्या स्पर्धा कायद्यांचा भंग होऊ शकतो. म्हणून प्रत्येक बैठकीला लेखी विषयपत्रिका असावी, इतिवृत्त ठेवावे आणि विषयपत्रिकेबाहेरचा असा मुद्दा निघाल्यास चर्चा तिथेच थांबवण्याचा अधिकार कार्यवाहाला असावा.

पहिले काम: आकडे जुळवणे

नव्या परिषदेने पहिल्या तीन महिन्यांत दोन्ही देशांच्या व्यापाराचा एकच मान्य तक्ता तयार करावा, असा माझा आग्रह असतो. हे काम दिसायला रूक्ष असले तरी त्यातून पुढची बरीच भांडणे टळतात. एका देशाने नोंदवलेली निर्यात आणि दुसऱ्याने नोंदवलेली तीच आयात हे आकडे सहसा जुळत नाहीत. बहुतेक देश निर्यात एफओबी मूल्याने मोजतात, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीने, तर आयात सीआयएफ मूल्याने मोजतात, ज्यात वाहतूक आणि विमा मिळवलेला असतो. शिवाय तिसऱ्या देशाच्या बंदरातून फिरून आलेल्या मालाच्या बाबतीत निर्यात त्या बंदराच्या देशाच्या नावावर आणि आयात मूळ देशाच्या नावावर नोंदली जाऊ शकते. डिसेंबरात निघालेले जहाज जानेवारीत पोहोचले तर वर्षही बदलते. ही कारणे ठाऊक नसताना दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी आपापला आकडा घेऊन बैठकीला बसले, तर व्यापार तुटीच्या वादातच दिवस संपतो.

तक्ता करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा कॉमट्रेड हा साठा आणि जिनिव्हातील इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचे ट्रेड मॅप ही साधने उपयोगी पडतात. मालाची वर्गवारी मात्र बोलीभाषेतल्या नावांनी न करता एचएस कोडने करावी. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही वर्गवारी १९८८ पासून लागू आहे. तिच्यातले पहिले सहा अंक ती वापरणाऱ्या सर्व देशांत सारखे असतात आणि त्यापुढचे अंक प्रत्येक देश आपल्या गरजेनुसार जोडतो. त्यामुळे तुलना सहा अंकांपर्यंतच करावी. आयात शुल्क पाहताना मात्र समोरच्या देशाचा पूर्ण कोड पाहावा, कारण शुल्काचा दर अनेकदा शेवटच्या अंकांवर ठरतो.

दोन देशांत मुक्त किंवा सवलतीचा व्यापार करार असेल, तर या तक्त्यात आणखी एक रकाना हवा: सवलतीचा दर प्रत्यक्षात कितीजण वापरतात. करार झाला म्हणून शुल्क आपोआप कमी होत नाही. माल खरोखर त्याच देशात तयार झाला आहे हे कराराच्या नियमांनुसार सिद्ध करावे लागते आणि त्यासाठी सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन किंवा करारात सांगितलेला अन्य पुरावा जोडावा लागतो. कच्चा माल बाहेरून आणणाऱ्या लहान उत्पादकांना हा हिशेब किचकट वाटतो आणि ते पूर्ण शुल्क भरून मोकळे होतात. परिषदेने क्षेत्रनिहाय कार्यशाळा घेऊन, सभासदांच्याच कागदपत्रांवर हा हिशेब करून दाखवला, तर कायद्यात एका शब्दाचाही बदल न होता पैसे वाचतात. नव्या परिषदेसाठी इतके लवकर फळ देणारे दुसरे काम मला माहीत नाही.

अडचणीचे टिपण कसे लिहावे

परिषदेच्या कामाचा गाभा इथे आहे, म्हणून याला अधिक जागा देतो. सभासद तक्रार घेऊन येतो तेव्हा ती बहुधा अशी असते: ‘तिकडचे कस्टम्सवाले फार त्रास देतात.’ या वाक्यावर कोणतेही सरकार काही करू शकत नाही. परिषदेच्या सचिवालयाने त्या सभासदाला शांतपणे बसवून विचारावे की माल कोणता होता, त्याचा एचएस कोड काय, बंदर कोणते, तारीख कोणती, अधिकाऱ्याने कोणत्या नियमाचा हवाला दिला, तो लेखी दिला की तोंडी, माल किती दिवस अडकला, विलंब शुल्क किती भरावे लागले आणि हाच अनुभव आणखी कोणाला आला आहे का. अनेकदा या चौकशीतच लक्षात येते की अडचण नियमाची नसून कागदपत्रातल्या चुकीची होती. तसे असेल तर ते सभासदाला स्पष्ट सांगावे आणि विषय तिथे बंद करावा. असा विषय निवेदनात घुसडला, तर पुढच्या खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

उदाहरणादाखल एक टिपण लिहून दाखवतो. समजा, माल बाटलीबंद सॉस आहे, एचएस शीर्षक २१०३. टिपणात एवढेच असावे: ‘आयात अन्नपदार्थाच्या लेबलवर आयातदाराचे नाव आणि पत्ता असावा, असा नियम आहे. तो मजकूर कारखान्यातच छापलेला असावा की स्टिकरने लावलेला चालेल, हे नियमात सांगितलेले नाही. एका बंदरात स्टिकर स्वीकारले जाते, दुसऱ्या बंदरात नाकारले जाते. चार कंपन्यांच्या सात खेपा यामुळे अडकल्या, तपशील सोबत जोडला आहे. मागणी: बाँडेड गोदामात (शुल्क भरण्याआधी माल ठेवतात त्या गोदामात) माल सोडवण्यापूर्वी स्टिकर लावण्यास परवानगी देणारे, सर्व बंदरांना लागू होणारे परिपत्रक काढावे.’ हे टिपण एका पानात बसते. त्यात नियमाच्या हेतूला आव्हान नाही, उलट तो हेतू मान्य केलेला आहे, आणि अधिकाऱ्याने नेमके काय करायचे हेही सांगितलेले आहे.

मागणी लिहिण्याआधी ती कोणत्या पातळीवर सुटेल हे ठरवावे. काही अडचणी परिपत्रकाने सुटतात, काहींसाठी नियमात दुरुस्ती लागते आणि काहींसाठी कायदाच बदलावा लागतो. पहिल्या प्रकारचे काम खात्याच्या प्रमुखाच्या अधिकारात असते, दुसऱ्यासाठी मंत्रालय लागते, तिसऱ्यासाठी संसद. परिपत्रकाने सुटणारे काम मंत्र्यांपुढे नेले तर ते फिरून त्याच खात्याकडे येते, आणि तोपर्यंत खात्याचा अधिकारी दुखावलेला असतो. सचिवालयात काम करत असताना मी स्वतः एकदा सतरा मागण्यांचे निवेदन तयार केले होते. बैठकीची वेळ चाळीस मिनिटांची होती, परिचयात आणि स्वागतात निम्मी गेली, आणि सतरांपैकी एकाही मागणीवर निश्चित उत्तर मिळाले नाही. लहान सभासदांनी महिनाभर खपून कागदपत्रे जमवली होती, याचे मला आजही वाईट वाटते. त्यानंतर एका बैठकीत दोनपेक्षा जास्त मागण्या न्यायच्या नाहीत, असा नियम मी पाळला.

आधीच लागू झालेल्या नियमाविरुद्ध झगडण्यापेक्षा मसुदा असतानाच बोलणे कितीतरी सोपे असते. जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांना, आंतरराष्ट्रीय मानकांहून वेगळे आणि व्यापारावर लक्षणीय परिणाम करू शकणारे तांत्रिक नियम आणण्यापूर्वी, त्यांची अधिसूचना द्यावी लागते. सूचनांसाठी साधारण ६० दिवस द्यावेत, अशी शिफारस आहे. या अधिसूचना ई-पिंग या मोफत सेवेवर येतात आणि देश व मालाचा प्रकार निवडून ठेवला तर ईमेलने कळतात. सचिवालयातील एका व्यक्तीकडे हे काम कायमचे सोपवावे. तिने दर आठवड्याला संबंधित अधिसूचना चाळून त्या त्या क्षेत्राच्या समितीकडे पाठवाव्यात. तसेच २०१७ मध्ये अमलात आलेल्या व्यापार सुलभीकरण कराराने सदस्य देशांवर दोन उपयुक्त जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. माल पाठवण्याआधीच त्याचे वर्गीकरण किंवा मूळ देश याबाबत सीमाशुल्क विभागाचा बांधील निर्णय मागता येतो, आणि प्रत्येक देशात सुलभीकरणासाठी राष्ट्रीय समिती असावी लागते. त्या समितीत परिषदेचा प्रतिनिधी असावा यासाठी पहिल्या वर्षीच अर्ज करावा.

शिष्टमंडळ

शिष्टमंडळ नेण्याची तयारी किमान दहा आठवडे आधी सुरू करावी. तारखा ठरवताना यजमान देशाचे सण, सुट्ट्यांचा हंगाम आणि आर्थिक वर्षाची अखेर टाळावी. कंपन्यांची निवड पैसे भरण्याच्या क्रमाने न करता तयारी पाहून करावी: निर्यातयोग्य माल आहे का, परकीय भाषेतले माहितीपत्रक आहे का, आणि येणारी व्यक्ती किमतीबाबत जागेवर निर्णय घेऊ शकते का. मालक येऊ शकत नसेल आणि अधिकार नसलेला प्रतिनिधी पाठवत असेल, तर ती जागा दुसऱ्या कंपनीला द्यावी, असे मी कठोरपणे म्हणेन.

प्रत्येक कंपनीचा परिचय एका पानात असावा आणि त्यात एचएस कोड, महिन्याची उत्पादन क्षमता, किमान ऑर्डर, मिळालेली प्रमाणपत्रे आणि हवा असलेला भागीदार कोणत्या प्रकारचा, एवढे नक्की लिहावे. वितरक हवा की थेट खरेदीदार, की संयुक्त प्रकल्पासाठी भागीदार, हे न लिहिल्यास जुळणी चुकते. भेटी दोन्ही बाजूंच्या लेखी संमतीनंतरच ठरवाव्यात आणि प्रत्येक भेटीला अर्धा तास ठेवावा. दुभाष्याला तांत्रिक शब्दांची यादी आठवडाभर आधी द्यावी. ‘गेज’, ‘ग्रेड’ किंवा ‘टॉलरन्स’ यांसारख्या शब्दांवर दुभाषी अडखळला की खरेदीदाराला माल पटला असूनही विश्वास वाटत नाही. नमुने नेण्यासाठी दोन्ही देश एटीए कार्ने पद्धतीत सहभागी असतील तर तिचा लाभ घ्यावा. त्या कागदावर नमुने आणि प्रदर्शनाची सामग्री शुल्क न भरता तात्पुरती नेता येते आणि ती ठरलेल्या मुदतीत परत आणावी लागते. खाण्याच्या किंवा वाटून टाकायच्या वस्तूंना ही सोय लागू होत नाही, हे सभासदांना आधीच सांगावे.

समोरच्या कंपनीची खातरजमा करण्याबाबत परिषदेने आपली मर्यादा ओळखावी. नोंदणीचा उतारा पाहिला, बँकेचा संदर्भ मागितला, निर्बंधांच्या याद्यांत नाव तपासले, एवढे परिषद सांगू शकते. ‘ही कंपनी विश्वासू आहे’ असे मात्र कधीही लिहून देऊ नये. काय तपासले, कोणत्या तारखेला तपासले आणि काय तपासलेले नाही, या तीन गोष्टी लेखी द्याव्यात.

प्रत्येक भेट संपताच दुभाषी किंवा समन्वयकाने चार ओळींची नोंद करावी: काय मागितले, काय देण्याचे ठरले, कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत. हॉटेलवर परतल्यावर नोंद करू म्हटले की दहा भेटींतले तपशील एकमेकांत मिसळतात. परतल्यानंतर तीन दिवसांत कबूल केलेली दरपत्रके आणि नमुने गेले का, हे सचिवालयाने फोन करून विचारावे, आणि मग तीस, नव्वद आणि एकशे ऐंशी दिवसांनी पुन्हा विचारावे. माझ्या अनुभवात पहिली ऑर्डर बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या संपर्कानंतर येते.

करार आणि वाद

परिषदेने सभासदांसाठी वकील होऊ नये, मात्र पहिल्या कराराआधी काही गोष्टींची जाणीव करून द्यावी. वाहतूक, विमा आणि जोखीम कोणाकडे, हे इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या प्रमाणित अटींमधील अकरा संज्ञांपैकी एका संज्ञेने, ठिकाणाच्या नावासह लिहावे. पैसे लेटर ऑफ क्रेडिटने, म्हणजे बँकेच्या पतपत्राने, येणार असतील तर त्यात यूसीपी ६०० हे पतपत्रांचे आंतरराष्ट्रीय नियम लागू असल्याचे नमूद आहे का पाहावे. त्या नियमांनुसार बँकेला कागदपत्रे तपासण्यासाठी जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस मिळतात आणि ती प्रत्यक्ष माल पाहत नाही, फक्त कागद पाहते. बीजकावर मालाचे वर्णन पतपत्रातील वर्णनाशी जुळले नाही, तर उत्तम मालाचेही पैसे अडकू शकतात. वादासाठी परक्या न्यायालयाऐवजी लवादाचे कलम ठेवणे बहुधा सोयीचे ठरते, कारण १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचे १७० हून अधिक सदस्य देश एकमेकांकडचे लवाद निवाडे मान्य करतात. लवादाचे ठिकाण, भाषा आणि लवादांची संख्या त्याच कलमात लिहावी.

गुंतवणूक

गुंतवणुकीचे काम व्यापारापेक्षा संथ असते आणि त्याला वेगळा माणूस लागतो. गुंतवणूकदाराला जमीन, वीज, परवाने, नफा मायदेशी नेण्याची मुभा, दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आणि गुंतवणूक संरक्षणाचा करार यांची माहिती एकत्र हवी असते. ती तुकड्यांत देऊ नये. मात्र परिषदेचे खरे लक्ष नव्या गुंतवणूकदारांइतकेच, किंबहुना थोडे जास्तच, आधी आलेल्या कंपन्यांकडे असावे. वर्षातून एकदा अशा प्रत्येक कारखान्याला प्रत्यक्ष भेट द्यावी आणि व्यवस्थापकाला विचारावे की विस्ताराचा निर्णय कशामुळे थांबला आहे. उत्तर अनेकदा लहान असते: तंत्रज्ञांच्या व्हिसाला लागणारा वेळ, किंवा सुट्या भागांच्या वर्गीकरणाचा न मिटलेला वाद. त्याचे वर सांगितल्याप्रमाणे एक पानी टिपण करता येते. नवा गुंतवणूकदार चौकशी करतो तेव्हा तो सरकारी माहितीपत्रकापेक्षा या व्यवस्थापकाच्या शब्दावर विसंबतो.

संबंध बिघडले तर

दोन सरकारांचे संबंध केव्हातरी ताणले जातात. त्याची तयारी चांगल्या दिवसांतच करून ठेवावी. राजकीय प्रश्नांवर परिषद भूमिका घेणार नाही, हे घटनेत असावे आणि अशा वेळी माध्यमांशी कोण बोलेल हेही ठरलेले असावे. निर्बंध लागू झाल्यास त्यांचा अर्थ सभासदांना चोवीस तासांत कळवावा आणि ते काटेकोरपणे पाळायला सांगावे. शिष्टमंडळे आणि समारंभ पुढे ढकलता येतात. पण आकड्यांचा तक्ता, अधिसूचनांचे साप्ताहिक वाचन, चालू करारांतील वादांसाठी मध्यस्थी आणि दोन्ही कार्यवाहांचा ठरलेल्या दिवशीचा फोन, ही चार कामे चालू ठेवावीत. फोनवर सांगण्यासारखे काही नसेल तरी तो करावा आणि इतिवृत्तात त्या दिवशीची तारीख लिहून ठेवावी.